कोळशाला बटण नसतं

घर उबवणाऱ्या कोळशाच्या स्टोव्हला खाली, राखेच्या कप्प्याजवळ, एक लहानशी लोखंडी झडप असते. झडपेला बारीक साखळी, आणि साखळीचं वरचं टोक स्टोव्हच्या पाठीवरच्या एका डबीत गेलेलं. स्टोव्ह थंडावू लागला की साखळी दोन-तीन मिलिमीटर वर सरकते, झडप तेवढीच किलकिली होते आणि पुढची दहा मिनिटं काहीच घडत नाही. मग कुठे जाळीवरच्या काळवंडलेल्या निखाऱ्यांना खालून लाली चढू लागते.

सगळी गोम या दहा मिनिटांत आहे. गॅसच्या हीटरला थर्मोस्टॅटने, म्हणजे तापमान राखणाऱ्या उपकरणाने, ‘बस’ म्हटलं की ज्योत तिथल्या तिथे विझते. कोळशाचं तसं नाही. १५ किलो अँथ्रासाइट, म्हणजे कठीण, कमी धुराचा दगडी कोळसा, भरला, तर ४०० मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा आधीच आत येऊन बसलेली असते. ती १२ तासांत जळाली तर सरासरी ९ किलोवॉट. इंधन कमी-जास्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. हातात उरते ती फक्त हवा. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

स्टोव्हच्या पाठीवरची डबी हाच त्याचा थर्मोस्टॅट. तिच्यात असते द्विधातूची पट्टी, बहुतेकदा स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. कल्पनेसाठी सरळ पट्टी घेऊ: १० सेंटिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर जाड, एका अंगाला पितळ, दुसऱ्या अंगाला इनवार. इनवार ही लोखंड-निकेलची मिश्रधातू तापली तरी जवळजवळ वाढत नाही; ती शोधणाऱ्या गियोम यांना १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तापमान ५० अंशांनी वाढलं तर पितळ वाढतं जेमतेम एक दशांश मिलिमीटर. पण दोन्ही धातू एकमेकांना घट्ट चिकटलेले, त्यामुळे पट्टीला वाकण्यावाचून गत्यंतर नसतं आणि तिचं मोकळं टोक चक्क सेंटीमीटरभर हलतं. वीज नाही, बॅटरी नाही, आणि झडप उचलण्याइतकी ताकद मात्र आहे. मला हे यंत्र फार आवडतं.

‘थर्मोस्टॅट’ हा शब्द अँड्र्यू युअर यांनी १८३०च्या सुमारास रूढ केला. पण घरातल्या कोळशाच्या भट्टीला तो जोडण्याचं मोठं श्रेय अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या आल्बर्ट बुट्झ यांच्याकडे जातं. १८८६मध्ये त्यांना पेटंट मिळालं. खोली गार झाली की विजेचं मंडल पूर्ण व्हायचं, मोटर एक दांडा अर्धा फेरा फिरवायची आणि भट्टीची हवेची झडप उघडायची. त्याआधी तळघरात उतरून झडप हाताने वर-खाली करावी लागे. पुढे हनीवेल म्हणून नावारूपाला आलेल्या कंपनीचं मूळ या झडपेत आहे.

हवा कमी केली की आग कमी, इथवर सोपं. पण ती पूर्ण तोडायची नसते. जाळीलगत कोळशाचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या तापलेल्या थरांतून जाताना पुन्हा कोळशाशी भिडतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. अँथ्रासाइटवर नाचणाऱ्या निळ्या ज्योती म्हणजे हाच वायू जळताना दिसतो. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइडपर्यंतच थांबला तर त्याच्या एकूण उष्णतेपैकी तिसरा हिस्साही मिळत नाही. आणि हा वायू न जळता खोलीत शिरला तर जिवावर बेततं: रंग नाही, वास नाही. म्हणून झडप मिटली तरी थोडी हवा आत जाईल अशी सोय ठेवतात, धुराड्याची वाट कधीच बंद करत नाहीत आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावतात. नवा कोळसा घालतानाही सगळे निखारे झाकायचे नसतात. लाल कोपरा उघडा राहिला तर वर येणारा वायू लगेच पेट घेतो. नाहीतर तो साठतो आणि एकदम ‘भप्प’ करून पेटतो.

तांदळाएवढा बारीक कोळसा मोटरने पुढे ढकलणारे स्टोकरही असतात. तिथे भिंतीवरचा थर्मोस्टॅट खरोखर इंधनावर हुकूम चालवतो. पण खोली बराच वेळ ऊबदार राहिली, तर कोळसा न मिळाल्याने आगच विझायची. म्हणून सोबत टायमर बसवतात: कुणी उष्णता मागो न मागो, ठरावीक वेळाने चार घास भरवायचेच.

आता ब्लोअर, म्हणजे स्टोव्हचा पंखा. तो उष्णता निर्माण करत नाही, स्टोव्हच्या अंगावरून ओढून खोलीत सोडतो. त्याला चालू-बंद करते नाण्याएवढी द्विधातूची खोलगट चकती. डब्याचं झाकण दाबल्यावर ‘टक्’ करून उलटं फुगतं, तशी ती ठरल्या तापमानाला उलटते. साधारण ५० अंशाला चालू, ३५च्या आसपास बंद. मधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं. ते नसतं तर पंखा दर मिनिटाला सुरू-बंद होत राहिला असता.

गंमत अशी, की झडपेची पट्टी आणि पंख्याची चकती यांची एकमेकींशी ओळखच नाही. पंख्याचा झोत पट्टीवर आला तर तिला वाटतं, स्टोव्ह गार पडला. ती झडप उघडते, आग भडकते, पंखा आणखी चालतो. दोघी आपापलं काम चोख करत असतात आणि कोळसा मात्र भराभर संपतो. ‘थर्मोस्टॅट बिघडला’ असं वाटून नवा घेण्याआधी मी डबीवर हात धरून वारा लागतो का ते पाहीन. लागत असेल तर पत्र्याचा आडोसा पुरतो. पंख्याचा वेग कमी केला तरी फरक पडतो.

वीज गेली की स्टोकरचा पुरवठा थांबतो आणि आग हळूहळू विझते. हाताने भरलेल्या स्टोव्हचा ब्लोअर तेवढा बंद पडतो. उष्णता ओढून नेणारं कुणी नसल्याने अंग तापत जातं. पाठीवरची पट्टी ते ओळखते, साखळी सैल सोडते आणि अंधारात झडप खाली येते.