स्टेपनी

मोटारगाडी, रिक्षा, स्कूटर किंवा मालमोटार वाटेत पंक्चर झाली तर बदलून लावता यावे म्हणून हवा भरून गाडीतच बाळगलेले जादा चाक. ‘जादा चाक’, ‘सुटे चाक’ हे पर्याय छापील मराठीत अधूनमधून दिसतात, बोलण्यात मात्र स्टेपनीच. हा शब्द मराठीने पुरता आपलासा केला आहे. ईकारान्त असल्याने तो सहज स्त्रीलिंगी ठरला आणि चाळणी–चाळण्या, ओढणी–ओढण्या यांच्या चालीवर त्याचे अनेकवचन ‘स्टेपन्या’ झाले. हिंदी, बंगाली आणि इतर भारतीय भाषांतही तो रुळलेला आहे. भारताबाहेर माल्टामध्ये तो टिकून आहे आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमधील ‘एस्तेपे’ हा शब्दही याच मुळापासून आल्याचे बहुतेक मानतात. ज्या देशात तो जन्मला त्या ब्रिटनमध्ये मात्र आज तो क्वचितच कोणाच्या तोंडी येतो. बोलीत विवाहबाह्य संबंधातील स्त्रीला हिणवण्यासाठीही हा शब्द वापरला जातो. तो वापर टाळावा असाच आहे.

व्युत्पत्ती : लंडनच्या पूर्वेकडील स्टेपनी या भागावरून हे नाव पडले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. गोद्या आणि कारखान्यांचा तो भाग असल्याने हे चटकन पटते. पण चाक तिथे जन्मले नाही. ते वेल्समधील लानेली या गावचे (वेल्श उच्चार देवनागरीत नेमका उतरत नाही). थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंचे तेथे लोखंडी सामानाचे दुकान होते आणि त्यांचा व्यवसाय ज्या रस्त्यावर होता त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. चाकाला नाव मिळाले ते या रस्त्याचे. शोधाचे साल सामान्यतः १९०४ धरतात. नोंदणीकृत कंपनी मात्र त्यानंतर, १९०६ च्या सुमारास उभी राहिलेली दिसते. त्यामुळे काही ठिकाणी आढळणारे १९०६ हे साल शोधाचे नसून कंपनीचे समजणे अधिक बरे.

लंडनचा धागा मात्र पूर्ण तुटत नाही. लानेलीतील रस्त्याला नाव मिळाले ते तेथील जमीनदार स्टेपनी घराण्यावरून, आणि या घराण्याचे आडनाव मुळात लंडनजवळच्या त्या गावावरून आलेले असणे संभवते. म्हणजे ग्रामनाम, आडनाव, रस्ता, व्यापारी नाव आणि शेवटी सामान्यनाम असा प्रवास मांडता येतो. त्यातील पहिला टप्पा अनुमानाचा आहे, पुढचे टप्पे बऱ्यापैकी पक्के आहेत. जुन्या मोटारींत जादा चाक बाजूच्या पायफळीवर ठेवत असल्याने ‘स्टेप’ या शब्दाशी नाते जोडण्याचाही मोह होतो, पण त्याला ध्वनिसाम्यापलीकडे आधार नाही.

मूळ स्टेपनी : डेव्हिस बंधूंची स्टेपनी आजच्या अर्थाने चाक नव्हतीच. तिला आरे नव्हते, तुंबा (आसावर बसणारा चाकाचा मधला भाग) देखील नव्हता. ते केवळ एक धातूचे गोल कडे होते आणि त्यावर हवा भरलेला टायर चढवलेला असे. त्या काळी मोटारीची लाकडी आऱ्यांची चाके आसाला पक्की बसवलेली असत, ती वाटेत काढता येत नसत. घोड्यांच्या नालांचे खिळे रस्त्यांवर सर्वत्र पडलेले, त्यामुळे पंक्चर ही रोजचीच बाब. ते झाले की चालकाने धुळीत बसायचे, पट्ट्यांनी टायर रिमवरून उचकटायचा, ट्यूब काढून ठिगळ लावायचे आणि हातपंपाने पुन्हा हवा भरायची. डेव्हिस बंधूंनी हे सगळे टाळले. निकामी चाक जागीच ठेवायचे, बाहेरच्या अंगाने त्याच्या रिमला स्टेपनीचे कडे टेकवायचे आणि आकड्यांनी व पिळाच्या पकडींनी आवळून टाकायचे. आतला टायर चपटा झालेला असल्याने भार स्टेपनीवर येई आणि गाडी जवळच्या गावापर्यंत पोहोचे. स्टेपनी ‘बदलणे’ हा वाक्प्रयोग म्हणूनच नंतरचा. मूळ स्टेपनी बदलत नसत, ती जोडत असत.

हा उपाय फार काळ टिकला नाही. १९०६ साली फ्रान्समधील ल मान्स येथे झालेल्या फ्रेंच ग्राँ प्री या मोटारशर्यतीत रेनो गाडीच्या फेरेन्झ सिस याने विजय मिळवला. त्याच्या गाडीला मिशलँ कंपनीच्या सुट्या होणाऱ्या रिम होत्या. नट सोडवून टायरसकट रिम उतरवायची आणि दुसरी चढवायची, हे काम काही मिनिटांत होई, तर अशा रिम नसलेल्यांना टायर कापून काढावे लागत. पुढे आख्खे चाकच आसावरून सुटे करण्याची रीत आली आणि जोडकड्याचे प्रयोजन संपले. वस्तू गेली, पण तिचे नाव नव्या वस्तूला चिकटून राहिले. ब्रिटिश साम्राज्यात मोटारींबरोबर पसरलेले हे नाव भारतात त्यानंतरच रुजले असावे, कारण आपल्याकडे ‘स्टेपनी’ म्हणजे पूर्ण चाक हाच अर्थ आढळतो.

स्कूटरची स्टेपनी : महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना हा शब्द मोटारीमुळे नव्हे तर स्कूटरमुळे परिचित झाला. १९४६ मध्ये इटलीत आलेल्या व्हेस्पाचे चाक मोटारसायकलीप्रमाणे चिमट्याच्या दोन भुजांमध्ये अडकवलेले नसून विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले होते. त्यामुळे नट काढताच ते बाजूला सरकवून उतरवता येई. पुढचे आणि मागचे चाक एकाच मापाचे, म्हणून एक स्टेपनी दोन्हीकडे चाले. पुण्याच्या बजाज ऑटोने १९६० च्या दशकात परवान्याखाली व्हेस्पा बनवली आणि १९७२ पासून चेतक. या स्कूटरींनी हीच रचना पुढे चालवली. सीटमागे उभी बसवलेली, रेक्झिनचे आवरण घातलेली स्टेपनी हे त्या काळच्या मध्यमवर्गी घराच्या दारातले ठरलेले दृश्य होते. स्कूटर एका अंगाला कलती करून, खाली वीट सरकवून, दहा-पंधरा मिनिटांत चाक बदलणारे गृहस्थ तेव्हा रस्त्याकडेला नेहमी दिसत. मोटारसायकलीला अशी सोय सहसा नव्हतीच आणि गिअरविरहित स्कूटरींनीही ती सोडली. रिक्षाने मात्र ती टिकवली आहे.

मापे व मर्यादा : पूर्ण मापाची स्टेपनी इतर चार चाकांसारखीच असते. जागा, वजन आणि खर्च वाचवण्यासाठी हल्ली बहुतेक गाड्यांत अरुंद, लोखंडी रिमची तात्पुरती स्टेपनी येते. ती लहान दिसते म्हणून तिचा व्यासही कमी असेल, असा समज आहे. तो नेहमी खरा नसतो. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास काढू. १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिमी. टायरच्या भिंतीची उंची १८५ मिमी रुंदीच्या ६५ टक्के, दोन्ही बाजू मिळून २४०·५ मिमी. एकूण ६२१·५ मिमी. १६५/८० आर १४ या स्टेपनीचा व्यास याच रीतीने ६१९·६ मिमी येतो. फरक जेमतेम २ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ६ मिमी. अशा जोडीत अडचण व्यासाची नसून रुंदीची असते. रस्त्याशी संपर्क कमी, त्यामुळे वळणावर आणि ब्रेक लावताना पकड असमान. ताशी ८० किमीची मर्यादा सांगणारे लेबल रिमवर असते ते यासाठी. व्यासात खरोखर तफावत असेल तर मात्र स्टेपनी इंजिनाने फिरणाऱ्या आसावर लावू नये. डाव्या-उजव्या चाकांचे फेरे सतत जुळत नाहीत आणि डिफरन्शियलला (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी चाकांच्या रचनेला) सरळ रस्त्यावरही अखंड वळण घेतल्यासारखे काम करावे लागते, त्यातून ते तापते. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी असेल आणि पुढचे चाक पंक्चर झाले असेल, तर मागचे चांगले चाक पुढे आणून स्टेपनी मागे लावणे कष्टाचे खरे, पण योग्य तेच.

निगा : चारही चाकांची हवा नियमित तपासणारे पुष्कळ लोक पाचवे चाक विसरतात, आणि गरज पडते तेव्हा डिकीतून बाहेर येते ती बसलेली स्टेपनी. उभ्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक ते दोन पौंड हवा कमी होते. म्हणजे वर्षभर न पाहिलेल्या स्टेपनीत ३२ पौंडांऐवजी विसाच्या आसपास उरू शकते. म्हणून ती दर महिन्याला, टायर थंड असताना तपासावी आणि तिच्यात नेहमीपेक्षा तीन-चार पौंड जास्त ठेवावेत. जास्तीची हवा लावल्यावर कमी करता येते, आडरानात भरता येत नाही. काही अगदी अरुंद तात्पुरत्या स्टेपन्यांना ६० पौंड हवा लागते. तो आकडा टायरच्या भिंतीवरच छापलेला असतो.

न वापरलेला टायर नवा राहतो, हा दुसरा गैरसमज. ओझोनपासून बचावासाठी रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. टायर फिरताना वाकतो-ताणतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. डिकीत निपचित पडलेल्या टायरला हे संरक्षण कमी मिळते आणि नक्षी शाबूत असूनही भिंतीवर बारीक भेगा पडतात. भिंतीवरील चार अंकी सांकेतिक क्रमांकावरून वय कळते : ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी निवृत्ती, असा अनेक उत्पादकांचा सल्ला आहे. तो स्टेपनीलाही लागू होतो. पूर्ण मापाची स्टेपनी असल्यास पाचही चाकांची फिरवाफिरव करावी. तात्पुरती स्टेपनी त्यात धरू नये.

चाक बदलताना नट जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. अधांतरी चाकाशी झोंबाझोंबी केली की गाडी जॅकवरून घसरते. नवे चाक बसवताना नट शेजारशेजारचे न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावावा.

ट्यूबलेस टायर आणि कायदा : ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून राहिला तर हवा हळूहळू जाते आणि चाक न काढता पट्टी घालून पंक्चर काढता येते. त्यामुळे स्टेपनीची तातडी कमी झाली. टायरची भिंत फाटली तर मात्र आजही तिच्याशिवाय इलाज नाही. ७०१ किमीच्या समृद्धी महामार्गासारख्या, गावे बाजूला ठेवून जाणाऱ्या रस्त्यावर हा फरक चांगलाच जाणवतो. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, ३·५ टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असल्यास स्टेपनी देण्याचे बंधन राहिले नाही. विद्युत मोटारींत बॅटरीने व्यापलेल्या जागेमुळे या सवलतीचा उपयोग विशेष होतो. नवी गाडी घेताना डिकीचा तळ उचलून आत चाक आहे की किट, हे पाहून घ्यावे. किटमधील छिद्र बुजवणारा द्रव कायम टिकत नाही, त्याच्या बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते.