सरकारी अर्ज कानांनी भरताना

उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, सातबाऱ्याचा उतारा अशा कितीतरी कामांसाठी महाराष्ट्रातील नागरिकाला आता तहसील कार्यालयाची पायरी चढण्याआधी एखादे संकेतस्थळ उघडावे लागते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र, यांचा अर्जही ऑनलाइनच भरायचा असतो. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख आणि महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती, आणि तेव्हा विचारात घेतलेले प्रकार आजच्या कायद्यातील 21 प्रकारांपेक्षा कमी होते. यांतील जी व्यक्ती पडद्याकडे पाहू शकत नाही किंवा माउस हाताळू शकत नाही, तिच्यापर्यंत सरकारी पान नेमके कसे पोहोचते, हे समजून घेतले की बहुतेक अडथळे कोठे निर्माण होतात हेही कळते.

ब्राउझर कोणत्याही पानाची दोन रूपे तयार करतो. एक रंग, चित्रे आणि अक्षरांचे, जे डोळ्यांना दिसते. दुसरे डोळ्यांना न दिसणारे, झाडासारखी शाखायुक्त रचना असलेले. त्यात प्रत्येक घटकाची भूमिका, नाव आणि स्थिती नोंदलेली असते, म्हणजे हे बटण आहे, त्याचे नाव ‘अर्ज सादर करा’ आहे, ते सध्या बंद आहे, अशी. दृष्टिहीन व्यक्ती वापरते तो स्क्रीन रीडर ही दुसरी रचना वाचतो आणि ती आवाजात किंवा ब्रेल पट्टीवरील उंचसखल टिंबांत उतरवतो. एका दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने 2006 मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा असाच एक विनामूल्य स्क्रीन रीडर असून त्यात ‘एच’ ही कळ दाबत एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर आणि ‘टॅब’ दाबत एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाता येते. मात्र शीर्षक केवळ ठळक आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल, कोडमध्ये शीर्षक म्हणून नोंदलेले नसेल, तर ‘एच’ कितीही वेळा दाबली तरी तेथे थांबता येत नाही.

अर्जाचा एकच रकाना जवळून पाहू. पडद्यावर ‘अर्जदाराचे नाव’ हे शब्द आणि त्यांच्या शेजारी रिकामी चौकट दिसते. पाहणाऱ्याचा डोळा त्यांचा संबंध आपोआप जोडतो. कोडमध्ये त्या शब्दांची आणि चौकटीची गाठ बांधलेली असेल, तर ऐकणाऱ्याला ‘अर्जदाराचे नाव, लिहिण्याचा रकाना, आवश्यक’ अशा अर्थाची सूचना मिळते. गाठ बांधलेली नसेल तर ‘लिहिण्याचा रकाना, रिकामा’ एवढेच ऐकू येते, आणि वीस रकान्यांच्या अर्जात हेच वीस वेळा. ही गाठ बांधायला प्रत्येक रकान्यामागे कोडची जेमतेम एखादी ओळ पुरते. एवढ्या थोड्या श्रमासाठी एखाद्या पदवीधर माणसाला स्वतःचा अर्ज भरायला दुसऱ्याच्या हातात आधार क्रमांक आणि ओटीपी द्यावा लागावा, हे मला अन्यायाचे वाटते.

मराठी पानांना आणखी काही खास अडचणी आहेत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना संगणकात स्वतंत्र संकेत देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असत. फक्त त्यांचे आकार देवनागरी असत. अशा फॉन्टमधील जुनी परिपत्रके डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतात, पण स्क्रीन रीडर त्यांतून निरर्थक चिन्हांची माळ वाचतो. शासन निर्णयाची सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली पीडीएफ तर केवळ छायाचित्र असते. अक्षरे ओळखणारी प्रणाली त्यावर चालवून मजकूर तपासून घेतला नाही, तर ऐकण्याजोगे तीत काहीही नसते. तिसरी अडचण भाषेच्या खुणेची. पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा सांगणारी एक छोटी नोंद असते आणि स्क्रीन रीडर तिच्यावरून आवाज निवडू शकतो. इंग्रजी साच्यावरून पान बनवताना ती नोंद ‘इंग्रजी’ अशीच राहिली, तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो आणि त्याला देवनागरी वाचता येत नसेल, तर शब्द गळतात किंवा सुटी अक्षरे ऐकू येतात.

अंधुक दिसणाऱ्यांसाठी रंगांचा फरक मोलाचा असतो आणि तो मोजता येतो. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार, म्हणजे दिव्यांगांनाही पाने वापरता यावीत यासाठीच्या निकषांनुसार, साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 ला 1 असावे लागते. काळ्या-पांढऱ्यासाठी ते 21 ला 1 भरते. आपल्या सरकारी पानांवर आवडीने वापरल्या जाणाऱ्या केशरी रंगाची प्रचलित छटा पांढऱ्यावर ठेवली, तर गुणोत्तर जेमतेम 2.1 येते. त्याच केशरी पट्टीवर काळी अक्षरे घातली की ते 9.8 च्या पुढे जाते. पानाच्या माथ्यावर अक्षरे लहानमोठी करणारी बटणे बसवली म्हणजे संकेतस्थळ सुगम्य झाले, असा समज बराच पसरलेला आहे. त्या बटणांनी वर सांगितलेल्यांपैकी एकही दोष दूर होत नाही.

ज्यांचे हात थरथरतात किंवा बोटे वळत नाहीत, त्यांना माउसविना केवळ कळफलकावर सगळे करता आले पाहिजे. जन्मतारखेसाठी उघडणारे कॅलेंडर अनेकदा कळफलकाला दादच देत नाही, आणि दिली तरी 1958 सालापर्यंत एकेक महिना मागे जावे लागते. दिवस, महिना आणि वर्ष लिहिण्याचे तीन साधे रकाने सर्वांनाच सोयीचे पडतात. वापरणारा माणूसच आहे ना हे तपासणारा वाकड्या अक्षरांचा कॅप्चा दृष्टिहीनांना अडवतो. त्याला आवाजाची जोड दिली तरी जी व्यक्ती पाहू आणि ऐकू शकत नाही ती बाहेरच राहते. अर्ज भरण्यासाठी ठरलेली मुदत (सत्र) संपण्याआधी सूचना देऊन वेळ वाढवण्याची संधी देणे हाही त्याच आंतरराष्ट्रीय निकषांचा भाग आहे, कारण ऐकत ऐकत अर्ज भरायला वेळ लागतोच.

हा आता सौजन्याचा विषय राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या रूपात ठेवणे त्या कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये ठरवले. ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तींना ऑनलाइन ओळख पडताळणीत पापण्या मिटण्याची अट पूर्ण करता येत नव्हती. त्यांच्या प्रकरणात 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. डिजिटल उत्पादने आणि सेवांच्या सुगम्यतेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस 17802 हे मानकही उपलब्ध आहे.

मानक असले तरी तपासणी कोण करते यावर बरेच अवलंबून असते. स्वयंचलित साधन छायाचित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही ते सांगते. तेथे ‘छायाचित्र 1’ एवढेच लिहिले आहे की ‘अर्जासोबत जोडायच्या कागदपत्रांचा नमुना’, यातले उपयोगाचे कोणते, ते त्याला ठरवता येत नाही. म्हणून निविदेतच या मानकाची अट, दृष्टिहीन आणि अन्य दिव्यांग वापरकर्त्यांकडून मोबदला देऊन करून घेतलेली चाचणी आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर तिची पुनरावृत्ती लिहिलेली असावी, आणि अर्ज पहिल्या रकान्यापासून पोचपावतीपर्यंत कोणाच्याही मदतीशिवाय भरता आल्याखेरीज कंत्राटदाराचे अंतिम देयक मंजूर होऊ नये.