लढाईतली टर्न: कधी काळाचा तुकडा, कधी हक्क

टेबलाभोवती बसून एकेक पात्र रंगवायच्या टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये खरी भांडणं लागतात ती लढाई सुरू झाल्यावर. तोवर तपास, प्रवास, बोलाचाली सगळं खेळ चालवणारा गेम मास्टर म्हणेल तसं सुरळीत चाललेलं असतं. तलवारी उपसल्या की मात्र प्रत्येक जण नियमपुस्तकातली वाक्यं शब्द धरून वाचू लागतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीतल्या 'रोग' (rogue) या चोरट्या पात्राचा स्नीक अटॅक, म्हणजे अटी जुळल्या की जादा फाशांइतकं नुकसान करणारा वार घ्या. तो 'एका टर्नमध्ये एकदा' मिळतो, 'एका राउंडमध्ये एकदा' नव्हे; टर्न म्हणजे एकाची पाळी, राउंड म्हणजे सगळ्यांच्या पाळ्यांची एक फेरी. म्हणजे रोगने स्वतःच्या टर्नमध्ये स्नीक अटॅक केला, आणि त्याच राउंडमध्ये शत्रू त्याच्या शेजारून पळू लागला म्हणून रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्येही करता येणारी झटपट कृती) वापरून पुन्हा वार केला, तर बाकीच्या अटी जुळत असल्यास जादा फासे पुन्हा मिळतात, कारण ती टर्न शत्रूची आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही पळवाट वाटते. ती पळवाट नाही. पण ती तशी का वाटते, हे समजायला टर्न या कल्पनेचा मूळ अर्थ पाहावा लागतो.

रोल-प्लेइंग गेमची वंशावळ युद्धखेळांकडे जाते. १८२४ मध्ये प्रशियात लेफ्टनंट फॉन राइसविट्झ यांनी आपल्या वडिलांच्या खेळात सुधारणा करून 'क्रीगस्पील'चे नियम छापले. त्यात एक टर्न म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटं. दोन्ही बाजूंनी आपापले हुकूम पंचाकडे द्यायचे, आणि त्या दोन मिनिटांत काय घडलं ते पंचाने ठरवायचं. इथे टर्न कोणाच्याच मालकीची नाही. ती काळाचा एक तुकडा आहे आणि त्या तुकड्यात सगळेच हलत असतात.

गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या 'चेनमेल'मध्ये हीच जाण टिकून होती. टर्न एका मिनिटाची. हालचालीसाठी दोन पर्याय होते: फासा टाकून आळीपाळीने चालायचं, किंवा दोघांनी हुकूम आधी लिहून एकदमच अमलात आणायचे. समोरासमोरच्या द्वंद्वात पहिला वार हल्ला करणाऱ्याचा. मात्र बचाव करणाऱ्याचं शस्त्र दोन वर्गांनी वरचं असेल किंवा तो उंचावर उभा असेल, तर पहिला वार त्याचा. हा नियम मला आजही आवडतो. आधी कोण, याचं उत्तर तो फाशाला न विचारता परिस्थितीला विचारतो.

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' तीन छोट्या पुस्तिकांत आला, आणि घोळ तिथून सुरू झाला. टर्न दहा मिनिटांची, तिच्यात लढाईचे दहा राउंड, इतकं कळत होतं. पण राउंडमध्ये आधी कोण मारणार, याबद्दल पुस्तिका जवळपास गप्प होत्या. वाचकाकडे 'चेनमेल' असेल असं गृहीत धरलं होतं. पुष्कळांकडे ते नव्हतं. पुढच्याच वर्षी प्रकाशक टीएसआरला आपल्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रिकेत नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं छापावी लागली. इनिशिएटिव्ह म्हणजे फासे टाकायचे, ज्याचा आकडा मोठा त्याचा त्या राउंडमधला पहिला वार, हा खुलासा त्यात होता. तोपर्यंत गटागटांनी आपापले नियम बनवले होते. कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह पेरिन यांनी १९७६ मध्ये वाटलेले 'पेरिन कन्व्हेन्शन्स' त्यांपैकीच, आणि त्यांच्याच पुढच्या कामातून १९७८ चा 'रूनक्वेस्ट' उभा राहिला. त्यात राउंड १२ सेकंदांचा, आणि त्यातला तुमचा क्षण तुमची चपळाई, शरीराचा आकार आणि शस्त्राची लांबी यांवरून ठरलेला.

गायगॅक्स यांचं स्वतःचं उत्तर 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये आलं, आणि नियमांचा अर्थ लावण्याची हौस असणाऱ्यांना त्याने कायमची शिदोरी दिली. राउंड एक मिनिटाचा, त्याचे सहा सेकंदांचे दहा सेगमेंट. प्रत्येक बाजूने सहा बाजूंचा एक फासा टाकायचा. शस्त्राला स्पीड फॅक्टर (आकडा लहान, तितकं शस्त्र चपळ), मंत्राला लागणारे सेगमेंट वेगळे. आता समजा लांब तलवार, फॅक्टर ५, आणि समोर तीन सेगमेंटचा फायरबॉल मंत्र म्हणणारा जादूगार. तलवारवाल्याची बाजू इनिशिएटिव्ह हरली. तर ५ मधून हरलेला फासा वजा करायचा, उत्तर ऋण आलं तर ते धन धरायचं, आणि मंत्राच्या ३ शी ताडून पाहायचं. फासा १ असेल तर ४ उरतात, मंत्र आधी. २ असेल तर दोन्ही एकाच क्षणी. ३ ते ५ मध्ये तलवार आधी. इथवर ठीक. पण हातात फॅक्टर २ चा खंजीर असेल आणि हरलेला फासा ५ असेल, तर वजा ३, म्हणजे ३. वार आणि मंत्र एकदम. त्याच फाशावर लांब तलवारीचं उत्तर शून्य येतं. हलका खंजीर तलवारीच्या मागे पडतो! हे मुद्दाम आहे की गणिताचा अपघात, ते पुस्तक सांगत नाही. फक्त हे इनिशिएटिव्ह उलगडून सांगायला चाहत्यांनी पुढे वेगळा दस्तऐवज लिहिला, यात नवल नाही.

'ड्रॅगन' मासिकातलं नियमांच्या शंकांना उत्तरं देणारं 'सेज ॲडव्हाइस' हे सदरही १९७९ चंच.

त्याच काळातली सोपी वाट 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९८१ च्या बेसिक संचात दिसते: एका बाजूने एक फासा, आणि मग हालचाल, बाण, मंत्र, हातघाई अशा क्रमाने ती सगळी बाजू उरकते. १९८९ च्या दुसऱ्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीने दहा बाजूंचा फासा घेतला, लहान आकडा आधी. एक मिनिटाचा राउंड कायम, आणि काय करणार ते फासा टाकण्याआधी जाहीर करायचं, हेही कायम. त्या जाहीर करण्यात सगळं आलं: तुम्ही ठरवलंत, तेवढ्यात समोरचा हलला, आता तुमचा बेत फसला तर फसला.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने हे सगळं मोडलं. राउंड सहा सेकंदांचा. प्रत्येकाचा स्वतंत्र इनिशिएटिव्ह, २० बाजूंच्या फाशावर, आणि तोच क्रम लढाई संपेपर्यंत. आधी काही जाहीर करायचं नाही; टर्न आली की पाहायचं, ठरवायचं, करायचं. खेळ सुटसुटीत झाला, पण टर्नचा अर्थ बदलला. आता ती हक्क झाली: इतकी हालचाल, इतक्या ॲक्शन, घ्या आणि वापरा. काळाचं माप उरलं ते नावापुरतं.

हक्क आला की बाकीचे गोठतात, ही अडचणही आली. तुमच्या टर्नमध्ये शत्रू पुतळ्यासारखा उभा असेल, तर त्याच्या शेजारून कोणीही खुशाल पळत जाईल. म्हणून 'अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी', म्हणजे शेजारून जाणाऱ्यावर मिळणारा आयता वार, नियमांच्या मध्यभागी आला. म्हणून 'रेडी', म्हणजे ठरलेल्या घटनेसाठी ॲक्शन राखून ठेवणं, आणि 'डिले', म्हणजे आपली टर्न पुढे ढकलणं. दुसऱ्याच्या टर्नमध्ये शिरायचे हे सगळे दरवाजे आहेत, आणि माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतले बहुतेक वाद याच दरवाजांशी होतात. वेग वाढवणारा हेस्ट हा मंत्र घ्या: तिसऱ्या आवृत्तीत त्याने दर टर्नला एक जादा ॲक्शन मिळे, जादूगार तीत दुसरा मंत्र टाकत, आणि २००३ च्या सुधारित आवृत्तीत ते बंद करावं लागलं. राखून ठेवलेली ॲक्शन तर आवृत्ती बदलताना उलटीच झाली. तिसऱ्या आवृत्तीत ती ठरलेल्या घटनेच्या आधी घडते. २०१४ च्या आवृत्तीत घटना पुरी झाल्यावर. 'दार उघडलं की बाण' असं म्हणणारे दोन खेळाडू वेगवेगळ्या आवृत्त्यांवर वाढले असतील, तर दोघांचाही दावा प्रामाणिक असतो.

सगळेच खेळ या वाटेने गेले नाहीत. 'गर्प्स'ने १९८६ मध्ये टर्न एका सेकंदाची केली. 'शॅडोरन'मध्ये इनिशिएटिव्हमधून दहा-दहा वजा करत वेगवान पात्र पुन्हा पुन्हा येई. इतकं, की बाकीच्यांची पहिली टर्न येण्याआधी लढाई संपायची, आणि १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्या फेरीत प्रत्येकाला एकदा संधी देऊन ते सावरलं गेलं. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने टर्नचा क्रमच काढून टाकला. २०१९ मध्ये 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीने ॲक्शनचे प्रकार मोजायचे सोडून सरळ तीन ॲक्शन आणि एक रिॲक्शन हातात ठेवली.

राहिला अचानक हल्ला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यासाठी वेगळा 'सरप्राइज राउंड' होता. २०१४ मध्ये तो गेला: राउंड नेहमीचाच, फक्त बेसावध सापडलेल्याला पहिल्या टर्नमध्ये हालचाल आणि ॲक्शन नाही, आणि ती टर्न संपेपर्यंत रिॲक्शनही नाही. पण टेबलांवर 'सरप्राइज राउंड' हा शब्द चालूच राहिला, आणि त्याबरोबर जुना अर्थही. इनिशिएटिव्ह टाकण्याआधीच फुकटचा एक वार मागणारा खेळाडू यातूनच निपजतो. २०२४ च्या नियमांनी बेसावधाला फक्त इनिशिएटिव्हवर डिसॲडव्हांटेज दिलं: दोन फासे टाका, लहान धरा. टर्न आता कोणाचीच बुडत नाही.