दोर सुटल्यावर: फ्री फ्लाइट मॉडेल विमानांची पार्श्वभूमी

उत्तरायणात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गच्चीवर उभं राहिलं की कापलेल्या पतंगावर डोळे खिळतात. मांजा तुटला तरी तो लगेच पडत नाही. एखादा तर उलट वर चढतो. फ्री फ्लाइटचं मॉडेल विमान याच अवस्थेसाठी बांधलेलं असतं. रिमोट नाही, दोरी नाही. हातातून सुटल्यावर ते कसं वळेल, कसं उतरेल, हे पंखाला किंचित पीळ देऊन आणि शेपटीचा कोन बदलून आधीच ठरवायचं.

बडोद्यात विमानाचा विषय निघाला की कुणीतरी तळपदे यांनी सयाजीराव महाराजांसमोर विमान उडवल्याची १८९५ ची गोष्ट काढतंच. गोष्ट गोड आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. नोंद आहे ती पॅरिसची. १८ ऑगस्ट १८७१ ला तुइलरी बागेत आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने रबराला पीळ देऊन चालणारं छोटं विमान सोडलं. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. अंतरापेक्षा मोठी गोष्ट ही की मागच्या शेपटीमुळे ते स्वतःच स्वतःला सावरत होतं.

रबराची ही परंपरा १९२८ पासून लॉर्ड वेकफिल्ड यांच्या चषकामुळे स्पर्धेत रुजली. मग अडचण आली ती यशाचीच. विमानं फार वेळ उडू लागली, म्हणून नियमांनी शक्ती कापायला सुरुवात केली. १९५० च्या दशकात ८० ग्रॅम रबर चाले. आज रबरवाल्या विमानांच्या या वर्गात, म्हणजे स्पर्धेच्या भाषेत एफ१बी मध्ये, ३० ग्रॅम. एफ१सी वर्गात २.५ सीसीचं इंजिन असतं. ते चालू ठेवायची मुभाही १० सेकंद, मग ७, मग ५ अशी घटत गेली. एवढ्या वेळात विमान किंचाळत सरळ वर जातं. पुढचा प्रवास तरंगत.

मला सर्वांत जवळचा वाटतो एफ१ए, म्हणजे ग्लायडर. तो ५० मीटर दोरीने अगदी पतंगासारखा वर खेचायचा आणि हवा उठते आहे असं वाटलं की सोडायचा. ढील कधी द्यायची हे कळणाऱ्या माणसाला यातली खुबी सांगावी लागत नाही.

तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा, म्हणजे थर्मल, हीच इथली कमाई आणि हाच चोर. थर्मलमध्ये सापडलेलं विमान शेतंच्या शेतं ओलांडून गायब होतं. स्पर्धेत साधारण तीन मिनिटांच्या पुढचं उड्डाण मोजतही नाहीत. म्हणून ‘डीथर्मलायझर’ आला: जळती वात ठरलेल्या वेळी रबरबँड जाळते, शेपटी वर उचकते आणि विमान आडवंच्या आडवं खाली येतं. आता वातीऐवजी टायमर असतो. उडवण्यासाठी जीव टाकायचा आणि उतरवण्यासाठी वेगळं यंत्र बसवायचं, असा हा छंद.

बाल्सा या हलक्या लाकडाचे, हाताने फेकायचे चक ग्लायडर एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलांना ठाऊक असतात. बहुतेकांची सुरुवात तिथूनच.

एफ१डी मात्र वेगळंच प्रकरण. ही बंद जागेतली विमानं, रबर सोडून वजन दीड ग्रॅमच्याही आत, पंखांवर डोळ्याला जेमतेम दिसणारा पापुद्रा. इंग्लंडात कार्डिंग्टनला एअरशिपसाठी, म्हणजे वायूने भरलेल्या अवाढव्य हवाई जहाजांसाठी, बांधलेल्या जुन्या शेडमध्ये ती उडवली गेली आहेत. उंच छताखाली वीस मिनिटांहून अधिक वेळ ती संथ फिरत राहतात, पण जवळून कुणी भरभर चालत गेलं तरी डगमगतात. आमच्याकडे मे महिन्यात असा हॉल मिळालाच, तर पंखे बंद ठेवायला कोण तयार होणार?