उत्तर बरोबर, क्वेरी चुकीची

साध्या भाषेतल्या प्रश्नाची माहितीसाठ्याला कळेल अशी क्वेरी, म्हणजे ठरावीक साच्यातली मागणी, करायची, ही खटपट गोवामुक्तीच्याच वर्षापासूनची. १९६१ साली ‘बेसबॉल’ नावाचा प्रोग्रॅम एका हंगामातल्या सामन्यांवरचे इंग्रजी प्रश्न सोडवत होता. दहा वर्षांनी ‘लूनर’ चंद्रावरून आणलेल्या खडकांबद्दल भूगर्भतज्ज्ञांना उत्तरं देऊ लागला. दोन्हींचे नियम हाताने लिहिलेले, त्यामुळे विषय बदलला की पुन्हा पहिल्यापासून. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या भूगोलावरच्या प्रश्नांतून मशीन नियम स्वतः शिकू लागलं. मधली काही वर्षं इथे ओलांडतो.

खरा वाद २०१३ चा. क्वेरी लिहून देणारी माणसं महाग पडतात, म्हणून ५,८१० प्रश्नांच्या एका संचात क्वेरी दिलीच नाही. नुसते प्रश्न आणि उत्तरं. मधली क्वेरी मशीनने आपली आपण शोधायची, उत्तर जुळलं की मार्क. मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता. समजा, प्रश्न असा: ‘१९८७ साली राज्य झालं तेव्हा गोव्यात किती जिल्हे होते?’ उत्तर दोन. मशीनने जिल्ह्यांऐवजी लोकसभेच्या जागा मोजल्या, तरी दोनच. पूर्ण मार्क! हेच मशीन उद्या तालुके विचारल्यावर विधानसभेचे मतदारसंघ मोजेल आणि बाराच्या जागी चाळीस सांगेल. अखेर २०१६ साली त्याच संचातल्या ४,७३७ प्रश्नांना क्वेरी जोडल्या गेल्या, आणि खर्चाचा बाऊ फुकट होता हेही दिसलं. गंमत म्हणजे, संच ज्या फ्रीबेस नावाच्या माहितीसाठ्यावर उभा होता, तो त्याच वर्षी बंद झाला.

हे सगळं इंग्रजीतलं. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यात गोवा म्हणजे ‘क्यू ११७१’ हा क्रमांक. त्याला विभक्ती लागत नाही. आपल्याकडे म्हापसा ‘म्हापशात’ होतो, पेडणे ‘पेडण्यात’, फोंडा ‘फोंड्याला’. साष्टी तालुक्याला कोणी सासष्टी म्हणतं, जुन्या कागदांत ती साल्सेत असते. गावच ओळखलं नाही, तर बाकीची क्वेरी कितीही शुद्ध असो, निकाल रिकामा.

आताची मोठी भाषिक मॉडेल्स ‘म्हापशात’ मधून म्हापसा काढतात, क्वेरीही झरझर लिहितात. पण क्रमांक आठवला नाही तर ठोकून देतात. ११७१ च्या जागी भलताच आकडा बसला तरी क्वेरी बिनतक्रार चालते आणि उत्तर दुसऱ्याच मुलखाचं येतं. म्हणून हल्ली क्रमांक आधी साठ्यातून शोधून घेतात आणि मगच क्वेरी लिहायला मॉडेलच्या हाती देतात.