दुतोंड्या मारुती आणि समुद्राच्या रेघा

आम्ही नाशिककर पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गोदावरी फुगली की ‘दुतोंड्याच्या कमरेला लागलं’ एवढं सांगितलं तरी पुरतं. हरिहरेश्वरला गेलो तेव्हा कळलं, समुद्राचा मारुती म्हणजे काठावरचा कातळ. फक्त त्याच्यावरच्या रेघा जिवंत असतात.

अर्थात, हे कळलं दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला पौर्णिमा होती. रात्रभर गाडी चालवून साडेअकराला प्रदक्षिणेच्या पायऱ्यांशी पोचलो, तर खालून लाटा वर येत होत्या. जिथे उतरलो होतो तिथल्या काकू म्हणाल्या, “एवढ्या लांबून आलात आणि तिथी नाही बघितलीत?”

त्यांचा हिशेब सोपा होता. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून हा पाऊण तास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. मग अष्टमीला जावं, ओहोटी बरोबर दुपारी येते? तिथेच फसगत आहे. अष्टमीला सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, त्यामुळे भांगाची भरती येते आणि पाणी फारसं हटतच नाही. कातळ उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, नि तेव्हा ओहोटी सकाळी नाहीतर संध्याकाळी. झोपाळू माणसाचं हे काम नव्हे.

पुढच्या वेळी द्वितीया धरली. दीडला भरती, म्हणजे पावणेआठच्या सुमाराला ओहोटी. सहालाच उतरलो आणि हटणाऱ्या पाण्यामागोमाग खाली गेलो.

दगड ओळखीचा निघाला. ब्रह्मगिरीचा तोच काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले की त्यात बारीक पोकळ्या राहतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशाच पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे स्फटिक बघायला मिळतात. इथे एकेका पोकळीत मिरीएवढी गोगलगाय बसली होती, तोंडाचं झाकण लावून, आतली ओल धरून. भरतीचं पाणी जेमतेम पोचतं त्या वरच्या पट्ट्यातली ही वस्ती.

त्याखाली पांढरट, खरखरीत पट्टा बार्नेकल आणि कालवांचा. अनवाणी पाय पडला तर सोलवटतोच. बार्नेकल शिंपल्यासारखं दिसतं, पण ते खेकड्या-कोळंबीच्या कुळातलं. पिल्लू डोक्याच्या बाजूने दगडाला चिकटतं आणि जन्मभर पायांनी अन्न ओढतं. एका डबक्यात वाकून पाहिलं, तर बुडालेल्या बार्नेकलांच्या टोकांतून पिसासारखे पाय बाहेर येत, पाणी चाळत, मिटत. माझी सावली पडली आणि सगळी दारं एकदम बंद.

या रेघा इतक्या सरळ का? १९६१ साली जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या बार्नेकलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वरच्या पट्ट्यातली जात खालीही जगू शकत होती. पण तिथे दुसरी जात तिच्यावर चढून, तिला उपटून जागा बळकावत होती. त्या दांडग्या जातीला मात्र वरची कोरड सोसत नव्हती. थोडक्यात, वरची हद्द बहुधा ऊन ठरवतं, खालची शेजारी.

डबक्यात राहिलं म्हणजे सुटका, असंही नाही. उन्हात पाणी तापतं, आटून खारटपणा वाढतो. पाऊस आला की एकदम अळणी होतं. रात्री शेवाळंही प्राणवायू वापरतं, मग त्याचाच तुटवडा.

एक दगड उचलला, खाली नखाएवढा खेकडा शंख पाठीवर घेऊन पळाला. दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवला. उलटा राहिला तर खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात.

नऊ वाजत आले तेव्हा पहिली लाट डबक्याच्या काठावरून आत सांडली. पाणी हललं, निवळलं. मिटलेल्या दारांतून एकेक पीस पुन्हा बाहेर यायला लागलं, आणि वरून काकूंची हाक आली.