ड्रीम पॉप

ड्रीम पॉप : ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात घडलेला पॉप संगीताचा एक प्रकार. घुमणारी गिटार किंवा ऑर्गन, संथ लय, वाद्यांच्या मागे सरकलेला गाण्याचा आवाज आणि शब्दांपेक्षा नादाला दिलेले वजन ही त्याची लक्षणे. मराठवाड्यातले श्रोतेही मूळ इंग्रजी नावच वापरतात, म्हणून येथे ते तसेच ठेवले आहे. या प्रकारात दोघांच्याच गटांचे, म्हणजे द्वयींचे, काम मोठे आहे. प्रस्तुत नोंदीचा भर अशा द्वयींच्या पहिल्या अल्बमांवर आणि ते ऐकणाऱ्यांच्या मतांवर आहे.

संज्ञेचा उगम : ही संज्ञा कोणाची, याबद्दल एकवाक्यता नाही. बहुतेक लेखक तिचे श्रेय अॅलेक्स अयुली यांना देतात. अयुली आणि रूडी टंबाला यांनी १९८६च्या सुमारास लंडनमध्ये ए. आर. केन हा गट काढला आणि स्वतःच्या संगीताचे वर्णन करताना हा शब्द वापरला, असे मानले जाते. ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकातील समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी तो उचलला आणि रुळवला. त्यामुळे काही ठिकाणी जनकत्वच रेनल्ड्स यांच्याकडे जाते. पण शब्द घडवणे वेगळे आणि रुळवणे वेगळे. काळाच्या बाबतीत १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध एवढेच म्हणणे सुरक्षित ठरेल. ए. आर. केनचा पहिला अल्बम ‘६९’ हा १९८८ मध्ये रफ ट्रेड या ध्वनिमुद्रण कंपनीने काढला.

नाद मात्र शब्दाच्या आधीचा आहे. स्कॉटलंडमधील ग्रेंजमथच्या कॉक्टो ट्विन्स या गटाचा पहिला अल्बम १९८२चा. बासवादक विल हेगी १९८३ मध्ये बाहेर पडले, एलिझाबेथ फ्रेझर आणि रॉबिन गथ्री दोघेच उरले आणि त्याच वर्षीचा दुसरा अल्बम त्यांनी दोघांनीच पुरा केला. भिंतीसारखी उभी राहणारी गिटार तिथे ठळक होते. ए. आर. केनच्या १९८७च्या एका ईपीची (अल्बमपेक्षा छोट्या, मोजक्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकेची) निर्मिती गथ्री यांचीच असल्याने दोन्ही धागे जुळतात. म्हणून संज्ञा ए. आर. केनची आणि घडण कॉक्टो ट्विन्सची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शूगेझ हा शेजारचा प्रकार. त्यात गिटारचा फाटका गोंगाट अधिक. दोहोंमधली सीमा पुसट आहे आणि ती आखण्याच्या वादातून फारसे हाती लागत नाही.

निनाद : शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिध्वनी आणि निनाद असा भेद शिकवतात. हवेत २२ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सुमारे ३४४ मीटर प्रतिसेकंद असतो. प्रतिध्वनी सुटा ऐकू यायला ०.१ सेकंदाचे अंतर लागते, म्हणजे भिंत निदान १७.२ मीटर दूर हवी. त्याहून जवळच्या अनेक पृष्ठभागांवरून परतलेले आवाज एकमेकांत मिसळले की निनाद होतो. यंत्रावरचा ‘डिले’ म्हणजे प्रतिध्वनी आणि ‘रिव्हर्ब’ म्हणजे निनाद.

मराठवाड्यात हे समजून घ्यायला वेरूळचे १० क्रमांकाचे लेणे, म्हणजे विश्वकर्मा चैत्यगृह (लोकांच्या बोलण्यात सुतार का झोपडा), पुरेसे आहे. ते साधारण सातव्या शतकातले मानतात. कमानी छताला दगडातच कोरलेल्या, लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत. उघडा दगड आवाज फारच थोडा शोषतो. आत एक सूर लावून सोडला तर तो लगेच विझत नाही, पुढच्या सुरावर पसरतो. लांब ओढलेला ‘आ’ तिथे खुलतो. द्रुत तान घेतली की स्वरांचा काला होतो. ड्रीम पॉप संथ असण्यामागे मनःस्थितीइतकेच हेही कारण आहे. लांब निनादात घाईला जागाच नसते.

घरच्या ध्वनिमुद्रणात हा परिणाम साधताना गिटारचा क्रम साधारणपणे कंप्रेसर (आवाजाचे चढउतार सारखे करणारा), कोरस (एका सुराचे अनेक सूर भासवून तो रुंद करणारा), डिले आणि शेवटी रिव्हर्ब असा ठेवतात. रिव्हर्ब आधी आणि डिले नंतर लावला तर घुमलेला आवाजच पुन्हा पुन्हा उगाळला जातो आणि ठोक्याची कड जाते. डिलेचा काळ लयीतून काढावा : ६०,००० भागिले मिनिटाचे ठोके. ८०च्या लयीला तो ७५० मिलिसेकंद येतो. त्याची पाऊणपट, म्हणजे सुमारे ५६२, घेतली तर आवर्तने ठोक्यांच्या मधल्या जागेत पडतात. रिव्हर्बची लांबी ३ ते ५ सेकंद ठेवावी. गाण्याच्या आवाजाला ४० मिलिसेकंदांच्या आसपास प्री-डिले (मूळ आवाज आणि निनाद यांमधली उसंत) द्यावा, म्हणजे व्यंजन आधी कानावर येते आणि घुमणे मागाहून. परतणाऱ्या निनादातला २५० हर्ट्झखालचा भाग कापावा. नवशिक्यांच्या मिश्रणात चिखल होतो तो बहुधा इथे. निनाद फार झाला म्हणून नव्हे, तर त्याचा खर्ज न कापल्यामुळे.

द्वयी आणि पहिला अल्बम : दोघांना गाणे, सूर आणि ठेका हे सगळे सांभाळायचे असते. मग ठेका यंत्राकडे जातो आणि मोकळी राहिलेली जागा निनाद भरतो. तो तिसरा वादकच म्हणावा. याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बॉल्टिमोरच्या बीच हाउस या द्वयीचा त्याच नावाचा पहिला अल्बम (ऑक्टोबर २००६, कारपार्क रेकॉर्ड्स). व्हिक्टोरिया लेग्रँड गाते आणि ऑर्गन वाजवते; अॅलेक्स स्कॅली गिटार आणि इतर कळवाद्ये. अल्बममध्ये नऊ गाणी आहेत. स्कॅलीच्या तळघरात, चार ट्रॅकच्या यंत्रावर, दोनेक दिवसांत ते मुद्रित झाल्याचे सांगतात. मागची खरखर आणि कडा झिजलेला ठेका त्याच्याशी जुळतो.

पाश्चात्त्य श्रोत्यांत या अल्बमबद्दल दोन तट आहेत. एकाला तो पुढच्या अल्बमांचा, विशेषतः २०१०च्या तिसऱ्याचा, कच्चा खर्डा वाटतो. दुसऱ्याला तो कच्चेपणाच प्रिय आहे. तिथली मते अशी; मराठी कानाचे आक्षेप थोडे निराळे. पहिला असा की शब्द कळत नाहीत. पैठणच्या नाथांच्या भारुडावर आणि कीर्तनावर पोसलेल्या कानाला शब्द बुडणे हा दोष वाटणे साहजिक आहे. तिथे नाद शब्दाची चाकरी करतो. दुसरा ठेक्याचा. भजनी मंडळात, रियाजात इलेक्ट्रॉनिक तालमाला लावून देतात आणि ती न बदलता चालू राहते. त्यामुळे यंत्राचा सपाट ठेका ऐकला की ‘तबलजी आलाच नाही का?’ असे वाटते. तिसरा प्रश्न आवाजाचा : बाई की पुरुष? लेग्रँडचा आवाज स्त्रीस्वराच्या खालच्या पट्टीतला, भरीव आहे, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात हा गोंधळ इतरत्रही होतो. उलट, तानपुऱ्याच्या जवारीत रमणाऱ्याला हा अल्बम लवकर जवळचा होतो. एकाच सुराभोवती साचत जाणारे, जागचे न हलणारे संगीत त्याला नवे नसते.

‘सगळी गाणी सारखीच’ हे मत मात्र पुष्कळदा अल्बमापेक्षा ऐकण्याच्या साधनाबद्दल असते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला खालचे सूर जवळजवळ काढताच येत नाहीत. ऑर्गनचा पाया गळतो आणि वरचा ठेका तेवढा टिकटिकतो. लातूर-नांदेड एसटीत खिडकीशी बसून इअरफोनवर ऐकले तर इंजिनाची घरघर नेमका तोच खर्ज झाकते. मग आवाज वाढवला जातो, त्याबरोबर खरखरही वाढते आणि डोके चढते. लग्नाच्या डीजेवर बास चढवलेली मांडणी असते. तिच्यावर हे संगीत लावणे व्यर्थ. मत देण्याआधी रात्री, पंखा बंद करून, कान झाकणाऱ्या हेडफोनवर मध्यम आवाजात एकदा पुरा ऐकावा.

मंचीय सादरीकरण : महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात किंवा पत्र्याच्या मंगल कार्यालयात असे गाणे वाजवताना यंत्रावरचा निनाद घरच्यापेक्षा निम्म्यावर आणावा, कारण पत्रा आणि फरशी आपला स्वतःचा निनाद घालतातच. रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज माणसे भरल्यावर कोरडा होतो, तेव्हा पहिल्या गाण्यानंतर तो पुन्हा तपासावा. दोन्ही बाजूंचे स्पीकर एकाच वाहिनीवर जोडलेले असतील तर स्टिरिओ कोरसने रुंद केलेल्या गिटारचे डावे-उजवे तरंग एकमेकांना खातात आणि गिटार पातळ होऊन हरवते. यासाठी साउंडचेकमध्ये मिश्रण एकदा मोनो (डावे-उजवे एकत्र) करून ऐकावे. गिटार गायब झाली तर कोरसची रुंदी उतरवावी किंवा तो मोनोवरच चालवावा.